अभिकल्पाची पदवी आणि त्यापुढील वाटा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे हा टप्पा अभिमानाचा खराच. परंतु त्याहून अधिक तो पुढील पन्नास वर्षांचा विचार करण्याचा आहे. पुढील पन्नास वर्षे म्हणजे आज दहावी-बारावीत शिकणारी आपली मुले-मुली. त्यांच्यापैकी काहीजण हल्ली घरात एक नवा शब्द बोलू लागले आहेत. "मला डिझाइन शिकायचे आहे" असे मुलगी म्हणते, आणि पेढीवरून नुकतेच घरी आलेले वडील विचारतात, "ते ठीक आहे, पण त्याच्या पुढे काय?" या प्रश्नात मुलीवरचा अविश्वास नाही, चार वर्षांचा वेळ आणि कष्टाने जमविलेला पैसा कोठे लावायचा, ही त्यात काळजी आहे. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाने हिशेब विचारणे योग्यच आहे. आज त्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्याच भाषेत देण्याचा माझा प्रयत्न आहे.

अभिकल्प म्हणजे काय?

डिझाइन या शब्दाला मराठीत "अभिकल्प" हा प्रतिशब्द आहे. पुष्कळांची समजूत अशी की डिझाइन म्हणजे चित्रकला, नक्षी किंवा सजावट. नक्षी हा त्यातला एक अंश झाला. वस्तू कोणासाठी आहे, ती कोण हाताळणार, कशात बनणार, किती खर्चात बनणार, कशी दुरुस्त होणार आणि निरुपयोगी झाल्यावर तिचे काय होणार, या सर्वांचा वस्तू घडण्यापूर्वी केलेला विचार म्हणजे अभिकल्प.

आपल्या नित्य परिचयाचे एक उदाहरण घेऊ. खाद्यपदार्थाचे पाकीट हाती घेतल्यावर आपल्या घरातील लहान मूलसुद्धा आधी हिरवा ठिपका शोधते. चौकटीतील हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. पूर्वी मांसाहारी पदार्थांसाठीही असाच गोल होता, फक्त तपकिरी रंगाचा. परंतु ज्यांना रंगांमधील भेद नीट दिसत नाही, अशा व्यक्तींना दोन्ही गोल सारखेच दिसत. म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराच्या खुणेसाठी गोलाऐवजी त्रिकोण ठरविण्यात आला. एवढासा बदल, परंतु त्यामुळे एखाद्याचे व्रत अजाणतेपणी मोडण्याचे टळते. यालाच अभिकल्प म्हणतात. त्यात सौंदर्य येते ते विचाराच्या पाठीमागून.

आपल्या वऱ्हाडातील उन्हाळ्याचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला की घरोघर कूलर सुरू होतात. पत्र्याचा तो डबा थंड हवा देतो हे खरे; पण त्याचा आवाज वृद्धांची झोप उडवितो, पाणी भरण्यासाठी बादल्या वाहाव्या लागतात, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि ओल्या पत्र्यात वीज उतरण्याची भीती असते. या प्रत्येक अडचणीचे उत्तर शोधणे हे अभिकल्पकाचे काम आहे, आणि ते उत्तर शोधणाऱ्याला कारखानदार मोबदला देतो.

कच्चा माल आणि पक्का माल

हा विषय आपल्या भागाच्या इतिहासाशी निगडित आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्याच्या मुळाशी येथील कापूस हेही एक कारण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण मागणी आली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा येथील बाजारपेठा भरभराटीस आल्या. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या पेढ्या त्याच भरभराटीच्या काळात स्थिरावल्या.

तथापि या व्यवहारात एक उणीव राहून गेली. गाठी बांधून कापूस बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला. कापसाचा भाव बाजाराने ठरविला. कापडाचा भाव मात्र ज्याने ते विणले, रंगविले, त्यावर नक्षी उमटविली आणि त्याला नाव दिले, त्याने ठरविला. कच्च्या मालाच्या किमतीत आणि पक्क्या मालाच्या किमतीत जे अंतर असते, त्यातील फार मोठा वाटा अभिकल्पाचा असतो. पिढ्यान् पिढ्या आपण त्या अंतराच्या अलीकडच्या काठावर व्यापार केला. आपली मुले पलीकडच्या काठावर जाऊ पाहत असतील, तर ती घराण्याचा व्यवसाय सोडून चालली असे न समजता, तो पुढे नेण्याची ही एक रीत आहे असे समजावे.

ही विद्या आपल्या देशात कशी रुजली

स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने निघू लागले, तेव्हा वस्तू केवळ परदेशी नमुन्यांवरून बनवावयाच्या की आपल्या गरजांतून, असा प्रश्न उभा राहिला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने देशभर प्रवास केला आणि १९५८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या अहवालात त्यांनी ज्या भारतीय वस्तूचे विशेष कौतुक केले, ती कोणत्या राजवाड्यातील नव्हती. तो होता आपल्या घरातील साधा लोटा. डोक्यावर वा कमरेवर नेताना त्याचा तोल, ओतताना पाण्याची धार, हातात बसणारी त्याची मान, घासण्याची सोय, धातूची किंमत, या साऱ्यांचा विचार अनेक पिढ्यांनी मिळून त्या एका आकारात साठविला आहे, हे त्यांनी ओळखले.

त्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची एनआयडी, स्थापन झाली. तिच्या उभारणीत ज्या दोन व्यक्तींनी आपले आयुष्य घातले, ते गौतम साराभाई व त्यांच्या भगिनी गिरा साराभाई हे अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यातील होते. याच भावंडांनी १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभारले. गिराबेन यांनी अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट या जगद्विख्यात वास्तुविशारदाकडे शिक्षण घेतले होते. म्हणजे कापडगिरणी चालविणाऱ्या घरातील एका मुलीने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ही वाट धरली आणि तिच्या घराने तिला ती धरू दिली. त्या एका निर्णयाचे फळ आज सारा देश घेत आहे.

महाराष्ट्रात १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक प्राध्यापक सुधाकर नाडकर्णी हे जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध अभिकल्प विद्यालयात शिकून आलेले. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गुवाहाटीच्या आयआयटीतील अभिकल्प विभागही त्यांनीच घडविला. २००७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय अभिकल्प धोरण स्वीकारले. २०१४ च्या कायद्याने एनआयडीला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि तेथे पदविकेऐवजी पदवी देण्याचा मार्ग मोकळा झाला. पालकांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची वा संस्थेची अभिकल्प पदवी ही इतर कोणत्याही पदवीसारखीच पदवी आहे. ती घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे व्यवस्थापनशास्त्र शिकता येते आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुल्या असलेल्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही देता येतात. दारे बंद होत नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पदवीनंतरच्या वाटा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पदवीनंतर कोणत्या वाटा उपलब्ध होतात?

पहिली वाट कारखानदारीची. मोटारी, दुचाक्या, घड्याळे, फर्निचर, घरगुती उपकरणे, वैद्यकीय साधने बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अभिकल्प विभाग असतात. पुणे, मुंबई, बंगळूर ही त्याची प्रमुख केंद्रे. परंतु ही वाट केवळ मोठ्या शहरांतून जाते असे नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली "पीकेव्ही मिनी डाळमिल" आपण पाहिली असेल. शेतकऱ्याची तूर शेतकऱ्याच्याच गावात भरडली जावी, या विचारातून आलेले ते यंत्र आहे. अशा यंत्रावर स्त्रिया तासन् तास काम करतात. त्याची उंची, भरण्याचे तोंड, आवाज, धूळ, बोटांची सुरक्षितता यांचा विचार करणारा मनुष्य यंत्र-अभियंत्याच्या शेजारी हवा असतो. कृषी अवजारांच्या क्षेत्रात अभिकल्पकांची वाण आजही जाणवते.

दुसरी वाट दृश्यसंवादाची: बोधचिन्हे, पुस्तके, वेष्टने, जाहिराती, दिशादर्शक फलक. गावोगावी दिसणारे स्टेट बँकेचे निळे वर्तुळाकार चिन्ह १९७१ मध्ये एनआयडीच्या शेखर कामत यांनी रेखाटले. २०१० मध्ये सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह उदय कुमार यांचे; त्यांचे संशोधन मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्रातच झाले होते. संगणकावर मराठी टंकलेखन करणारा प्रत्येकजण ज्या "मंगल" टंकाशी परिचित आहे, तो प्राध्यापक र. कृ. जोशी या मराठी अक्षरतज्ज्ञाने घडविला. आजही मुंबईतील "एक टाइप"सारखी संस्था भारतीय लिप्यांचे टंक बनविते आणि ते जगभर वापरले जातात. अक्षरांचे वळण हा कोणाचा व्यवसाय असू शकतो, हे आपल्या आजोबांना खरे वाटले नसते. पण ते खरे आहे.

तिसरी वाट संगणक व मोबाइलची. बँकेचे वा रेल्वेचे अ‍ॅप उघडल्यावर कोणते बटण कोठे असावे, चूक झाली तर ती सुधारता कशी यावी, अल्पशिक्षित वा वयोवृद्ध माणसाला ते वापरता येईल काय, याचा विचार करणारे अभिकल्पक आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना हवे असतात. गेल्या दोन दशकांत सर्वाधिक नोकऱ्या याच वाटेवर निर्माण झाल्या. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता चित्रे, चिन्हे, पडद्यांची मांडणी क्षणार्धात तयार होते. ज्याला केवळ संगणकातील साधने चालविता येतात, त्याचे काम यामुळे कमी होत आहे. ज्याला माणसांची अडचण ऐकता येते, प्रश्न नेमका मांडता येतो आणि दहा उत्तरांतून योग्य ते निवडून त्याची जबाबदारी घेता येते, त्याचे मोल टिकून राहील. म्हणून तीन महिन्यांत संगणकीय आज्ञावली शिकविणारे वर्ग आणि चार वर्षांची पदवी यांत गल्लत करू नये.

चौथी वाट वस्त्रांची, आणि ती आपल्या अंगणातून जाते. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आलेच आहेत. केंद्र सरकारच्या "पीएम मित्र" योजनेतील सात वस्त्रोद्योग उद्यानांमध्ये २०२३ मध्ये महाराष्ट्रातून अमरावतीची निवड झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या सुमारे एक हजार एकरांच्या उद्यानाची कोनशिला बसविण्यात आली. कापसापासून तयार कपड्यापर्यंतची सर्व कामे एका ठिकाणी व्हावीत, हा त्यामागील हेतू आहे. तो कितपत सिद्धीस जातो हे काळ ठरवील. पण जर गेला, तर सूत, वीण, रंग, छपाई आणि शिवण जाणणारे अभिकल्पक तेथे लागतील. ते बाहेरून आणावे लागणार की येथील घराघरांतून मिळणार, हे आजच्या बारावीतील मुलांच्या निवडीवर अवलंबून आहे. शिवाय विदर्भाच्या करवती किनारीच्या साडीला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे. जुन्या वीणकामाला नवे ग्राहक मिळवून देणे हेही वस्त्र-अभिकल्पकाचेच काम.

पाचवी वाट हस्तव्यवसायाची व ग्रामीण उद्योगाची. मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हाताला काम दिले. बांबूची टोपली सर्वांनाच विणता येते. परंतु बांबूची राखी, दिवा, फर्निचर आणि घरही होऊ शकते, हे दाखविले की त्याच बांबूचे मोल वाढते. या वाटेवर धन मर्यादित मिळते, समाधान मात्र पुष्कळ.

सहावी वाट नाट्य-चित्रपट, अ‍ॅनिमेशन, प्रदर्शने व वेशभूषेची. "गांधी" चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारताला पहिले ऑस्कर मिळवून देणाऱ्या भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. या क्षेत्रात यश झगझगीत दिसते, पण काम अनियमित असते. ज्याला दरमहा ठरलेले वेतन हवे, त्याने येथे पाऊल टाकताना दोनदा विचार करावा.

सातवी वाट अध्यापन व संशोधनाची. अभिकल्प महाविद्यालयांची संख्या वेगाने वाढली. त्या प्रमाणात शिक्षक तयार झालेले नाहीत. पदव्युत्तर शिक्षण व काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना येथे चांगला वाव आहे.

आठवी वाट स्वतंत्र व्यवसायाची. पुण्यातील "एलिफंट डिझाइन" ही आज नामवंत असलेली संस्था १९८९ मध्ये एनआयडीत शिकलेल्या काही तरुणांनीच एकत्र येऊन सुरू केली. आपल्या रक्तात व्यापार आहे, म्हणून ही वाट आपल्या मुलांना आकर्षित करील. तरीही पदवीनंतर किमान तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम करावे, हा माझा आग्रहाचा सल्ला. जुन्या काळी शेठजी आपल्या मुलाला दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला ठेवीत, त्यामागे हेच शहाणपण होते.

घरच्या पेढीची वाट

नववी वाट मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण ती घरी परत येण्याची आहे. आपल्यापैकी कोणाची डाळमिल आहे, कोणाचे तेल, मसाले, पापड यांचे उत्पादन आहे, कोणाचे कापडाचे दुकान, कोणाची सराफी. खामगावला रजतनगरी म्हणतात, इतका तेथील चांदीचा लौकिक आहे. हा सारा व्यवसाय अनेक वर्षे विश्वासावर चालला. ग्राहक दुकानदाराला ओळखत असे. पाकिटाला ओळख देण्याची गरज नव्हती. आता ग्राहक पुण्यात वा दुबईत बसून मोबाइलवर माल निवडतो. त्याच्यासमोर शेठजी नसतात. असते ते वेष्टन, छायाचित्र आणि नाव. उत्तम डाळ साध्या पोत्यात ठोक भावाने जाते आणि तीच डाळ दुसऱ्याच्या देखण्या पाकिटातून आपल्याच शहरात दामदुपटीने विकली जाते, हे दृश्य आपल्याला नवीन नाही.

अशा घरात अभिकल्प शिकलेला मुलगा किंवा मुलगी परत आली, तर काय होते? पुष्कळदा असे होते की तिला "फलक बदल, कॅटलॉग बनव" एवढेच काम दिले जाते; निर्णय गादीवरून होतात. वर्षभरात ती कंटाळून पुण्याला जाते आणि आपण म्हणतो, शिक्षण वाया गेले. वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, घरच्या अभिकल्पकाला ठरलेले वेतन द्या, एका उत्पादनाची पूर्ण जबाबदारी द्या, दोन वर्षांचा अवधी द्या आणि मग नफा-तोट्याचा हिशेब मागा. मुनिमाला जो अधिकार आपण विश्वासाने देतो, तो आपल्या लेकीला देताना हात आखडू नये. आणि तरुणांनाही सांगणे आहे की, वडिलांच्या चाळीस वर्षांच्या व्यवहारज्ञानाला जुनाट म्हणू नका. ग्राहक कशाला नाही म्हणतो हे त्यांना जितके कळते, तितके कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

येथे कायद्याची एक उपयुक्त माहिती द्यावीशी वाटते. वस्तूच्या नवीन आकाराचे वा नक्षीचे २००० च्या डिझाइन्स अ‍ॅक्टखाली नोंदणीकरण करता येते. ते प्रथम दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण देते. अट एवढीच की, ती वस्तू बाजारात वा जाहिरातीत येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. दागिन्यांचा नवा घाट काढून दुसऱ्याच दिवशी त्याचे छायाचित्र सर्वत्र पाठविणाऱ्या आपल्या सराफ बांधवांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

विवेकाचा प्रश्न

काही पालक हळू आवाजात आणखी एक शंका विचारतात. या शिक्षणात चामडे, रेशीम, फर यांच्याशी संबंध येईल काय? शिक्षणात साहित्याचा परिचय होतो, हे खरे. परंतु कशात काम करावे हे अखेर विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते. उलट अभिकल्पकाच्या हाती पर्याय निर्माण करण्याचे सामर्थ्य असते. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी कोशातील कीटक न मारता रेशीम काढण्याची पद्धती विकसित केली आणि "अहिंसा सिल्क" या नावाने ते वस्त्र प्रसिद्ध झाले. चामड्यासारख्या दिसणाऱ्या वनस्पतिजन्य साहित्यावर जगभर प्रयोग चालू आहेत. कमी साहित्य वापरणे, टिकाऊ वस्तू बनविणे, टाकाऊतून उपयुक्त घडविणे या आजच्या अभिकल्पशास्त्राच्या प्रमुख दिशा आहेत. अपरिग्रहाचे संस्कार लहानपणापासून घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या परक्या वाटण्याचे कारण नाही.

प्रवेश, खर्च आणि सावधगिरी

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. आयआयटी व काही अन्य संस्थांतील पदवीसाठी मुंबई आयआयटी "यूसीड" ही परीक्षा घेते. विज्ञान, वाणिज्य वा कला, कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी ती देऊ शकतो. तीत रेखाटनाचाही भाग असतो. एनआयडी व निफ्ट यांच्या परीक्षा स्वतंत्र आहेत. भोपाळलाही आता एनआयडी आहे, निफ्टही तेथे आहे, आणि जबलपूरच्या ट्रिपलआयटीत यूसीडद्वारे प्रवेश मिळतो. वऱ्हाडातून ही गावे मुंबईइतकी दूर वाटू नयेत. उपयोजित कलेची पदवी घ्यावयाची तर नागपूरचे शासकीय महाविद्यालय जवळ आहे. शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा देणे हा उत्तम पाया होय. परंतु चित्र सुंदर आलेच पाहिजे असे नाही. निरीक्षण व कल्पकता यांनाच अधिक महत्त्व असते.

खासगी महाविद्यालये पुष्कळ निघाली आहेत. त्यांपैकी काही उत्तम आहेत, काहींची मात्र इमारतच तेवढी उत्तम आहे. प्रवेशापूर्वी पालकांनी पाच गोष्टी पाहाव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची व तिला मान्यता आहे काय? कार्यशाळेत लाकूड, धातू, कापड, माती यांवर प्रत्यक्ष काम होते काय? पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांनी स्वतः कोणते काम केले आहे? मागील तुकडीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी प्रत्यक्ष बोलता येईल काय? या पाच प्रश्नांना जो टाळाटाळ करील, त्याचे माहितीपत्रक कितीही चकचकीत असो, तेथे शुल्क भरू नये. शुल्कासोबत साहित्य, संगणक, प्रवास व राहणे यांचा चार वर्षांचा पूर्ण खर्च आधीच कागदावर मांडावा. कर्ज काढावयाचे असेल तर पहिल्या नोकरीचे वेतन माफक धरूनच हप्त्याचा हिशेब करावा. या व्यवसायात आरंभीची तीन-चार वर्षे उत्पन्न बेताचे असते. कामाची कीर्ती होईल तसे ते वाढते.

आणखी एक. वास्तुविशारदाला व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तशी नोंदणी अभिकल्पकाला नाही. त्यामुळे येथे प्रमाणपत्रापेक्षा विद्यार्थ्याने केलेल्या कामांचा संग्रह, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात, तोच त्याची खरी ओळख ठरतो. चार वर्षे केवळ उपस्थिती लावणाऱ्याला पदवी मिळेल, काम मिळणार नाही.

समाजाने काय करावे

शेवटी, या सुवर्णवर्षात ट्रस्टपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपली शिष्यवृत्ती व बिनव्याजी शैक्षणिक साहाय्य वैद्यकीय, अभियांत्रिकी व सनदी लेखापाल यांच्याबरोबरच मान्यताप्राप्त अभिकल्प अभ्यासक्रमांनाही खुले करावे. दुसरी, या क्षेत्रात शिकलेल्या समाजातील तरुण-तरुणींना वर्षातून एकदा बोलावून दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांशी त्यांची भेट घडवावी. माहितीपत्रक सांगणार नाही ते अनुभवी माणूस एका तासात सांगतो. तिसरी, समाजातील उद्योजकांनी उन्हाळ्याच्या सुटीत एकेका अभिकल्प विद्यार्थ्याला आपल्या मिलमध्ये, दुकानात वा सराफीत विद्यावेतनावर प्रशिक्षणासाठी घ्यावे. दोन महिन्यांत विद्यार्थ्याला व्यवहार कळेल आणि उद्योजकाला अभिकल्प कळेल. यात गुंतवणूक अल्प आणि लाभ उभयपक्षी आहे.

विद्यार्थी मित्रहो, आवड आहे म्हणूनच ही वाट धरा. गणित कठीण जाते म्हणून धरू नका. येथेही कष्ट आहेत, नकार आहेत, केलेले काम दहा वेळा पुसून पुन्हा करणे आहे. आणि पालकहो, "पुढे काय?" हा प्रश्न विचारणे थांबवू नका, फक्त तो मुलांना थांबविण्यासाठी न विचारता त्यांच्यासोबत बसून विचारा. त्याची उत्तरे आता एकाहून अधिक आहेत, एवढे मी आज आपणापुढे मांडले.